चर्चा: जुन्या गाडीला बाहेरून क्रूझ कंट्रोल बसवावा का?

वऱ्हाडी_डिझेल, नागपूर
माझी 2012 ची स्विफ्ट व्हीडीआय. इंजिन ठणठणीत आहे, विकायची नाही. कामानिमित्त समृद्धीने शिर्डीपर्यंत जाणं-येणं असतं. मर्यादा 120 ची असली तरी या वयाच्या गाडीला मी शंभराच्या वर नेत नाही. म्हणजे नेऊ नये असं ठरवतो. सरळसोट सिमेंटचा रस्ता, पुढेमागे चिटपाखरू नाही, गप्पांच्या नादात काटा 115 ला कधी टेकतो समजत नाही. जालना येईस्तोवर पोटरीही भरून येते. क्रूझ कंट्रोल म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता ठरवलेला वेग धरून ठेवणारी सोय, तिचे बाहेरून बसवायचे किट मिळतात. गॅरेजवाला नको म्हणतो. नव्या गाडीत हीच वस्तू पैसे मोजून घ्यायची आणि जुनीत लावली की धोका, हे काही मला पटत नाही. बोला.

घाटमाथा, सातारा
नको भाऊ. पोटरी भरून आली की गाडी बाजूला घेऊन उतरायचं असतं, यंत्र लावायचं नसतं. समृद्धीवर डोळा लागून झालेल्या अपघातांच्या बातम्या सगळ्यांनीच वाचल्यात. तिथे ड्रायव्हरला आधीच काम उरत नाही, त्यात पायाचंही काढून घेतलं तर तो करणार काय? दुसरं म्हणजे, कंपनीचा क्रूझ त्या गाडीच्या ब्रेक, क्लच, ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) यांसकट तपासलेला असतो. बाहेरचं किट म्हणजे डॅशबोर्डखाली चार वायरी सोलून मारलेली टेप. तीन पावसाळ्यांनी ती टेप बघा.

जुना_वायरमन, छत्रपती संभाजीनगर
दोघंही अर्धंच बोलताय. आधी बघायचं की ॲक्सिलरेटर केबलचा आहे की सेन्सरचा. स्विफ्ट डिझेलला पेडलपाशी सेन्सर असतो, तिथून ईसीयूला व्होल्टेज जातं. चांगलं किट त्या सेन्सरच्या कपलरमध्येच (वायरी जोडायच्या खटक्याच्या जोडात) मधे बसतं, तिथे वायर सोलावी लागत नाही. काढून मूळ कपलर जोडला की गाडी होती तशी.

मारुती 800 किंवा क्वालिससारख्या केबलच्या गाड्यांचं काम वेगळं. तिथे केबल ओढायला मोटर नाहीतर व्हॅक्यूमचा, म्हणजे हवेच्या ओढीवर चालणारा, ॲक्च्युएटर लागतो. डिझेलला मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा जायच्या वाटेत) पुरेसा व्हॅक्यूम नसतो, म्हणून ब्रेक बूस्टरच्या, म्हणजे ब्रेक दाबायला हलका करणाऱ्या डब्याच्या, पंपावरून नळी घेतात. ब्रेकच्या तोंडचा घास काढून रेसला द्यायचा! असलं काम मी हातात घेत नाही.

आणि क्रूझ वेग धरतो कसा हे सगळे विचारतात, सोडतो कसा हे कुणी विचारत नाही. ब्रेकला पाय लागला की तो सुटतो, ते ब्रेक लाइटच्या स्विचवरून. जुन्या गाडीत तो स्विच झिजलेला असतो, पेडल निम्मं दाबल्यावर मागचा दिवा लागतो. रात्री भिंतीला पाठ करून गाडी लावा, पेडलला नुसतं बोट लावा आणि भिंतीवर लाल उजेड पडतो का बघा. पडत नसेल तर आधी स्विच बदला, किटचं नंतर. काही स्वस्त किटं त्या दिव्याच्या बल्बमधूनच अर्थिंग घेतात. तुम्ही एलईडी टाकले असतील तर क्रूझ लागतच नाही, आणि लोक किटला शिव्या घालतात.

घाटमाथा, सातारा
वायरमनदादा, माहिती पटली, पण यातून माझंच म्हणणं सिद्ध होतं. पेडलच्या सेन्सरला दोन सिग्नल असतात. ते एकमेकांशी जुळले नाहीत की ईसीयू गाडी लिंप मोडमध्ये टाकतो, रेस घेऊ देत नाही. ही कंपनीने ठेवलेली राखण. तुमचं किट दोन्ही सिग्नल व्यवस्थित जुळवून खोटे देतं. मग किट बिघडलं तर ईसीयूला कळणार कसं?

जुना_वायरमन, छत्रपती संभाजीनगर
मुद्दा बरोबर आहे, नाही म्हणत नाही. म्हणून किटचा वीजपुरवठा वेगळ्या फ्यूजवर घ्यायचा आणि हाताशी मेन स्विच द्यायचा. पण ब्रेक शाबूत असेल तर पूर्ण रेसवरची स्विफ्टही जोर लावून दाबला की थांबते. क्लच तर आहेच.

कारंजेकरीण, कारंजा लाड
घाटमाथा, झोपेचं सगळं खापर क्रूझवर कशाला? माझा उजवा गुडघा दुखरा आहे. नागपूरला जाताना पाय तासभर एकाच कोनात धरला की ठणका लागतो आणि लक्ष रस्त्यावर कमी, गुडघ्यावर जास्त. कंपनीचा क्रूझ असलेली भावाची गाडी चालवली, पाय ब्रेकपाशी मोकळा ठेवता आला. काट्याकडे सारखं बघावं लागत नाही, म्हणून आरसे जास्त बघितले जातात.

घाटमाथा, सातारा
ताई, गुडघा ठणकत असेल तर ऐनवेळी तोच पाय ब्रेकवर जोरात पडेल का?

कारंजेकरीण, कारंजा लाड
आखडलेल्या पायापेक्षा मोकळा पाय लवकर पडतो. करून बघा.

पिवळी_पाटी, नाशिक
आमच्या टुरिस्ट गाडीला 80 चा स्पीड गव्हर्नर, त्यामुळे आमची चैन तेवढीच 😀 जुन्या जीपला हँड थ्रॉटलची खुंटी असायची, ओढली की रेस तिथेच अडकायची. लोक त्यालाच क्रूझ म्हणायचे. पण ती रेस धरते, वेग नाही. चढाला गाडी मरते, उताराला सुसाट. किट वेग बघून रेस कमी-जास्त करतं, हा फरक मानतो. पण ब्रेक तेही मारत नाही. इगतपुरीहून आमण्याकडे उतरताना शंभर लावून बसाल तर गाडी 110 ला जाईल आणि किट रेस सोडून गप्प बसेल. पावसात तर लावूच नका, टायर पाण्यावर तरंगला तरी ते वेग राखायलाच बघतं.

पर्थवासी_पुणेकर
इकडे ऑस्ट्रेलियात जुन्या फोर-बाय-फोरला बाहेरून क्रूझ बसवणं अगदी रोजचं. वावगं कुणाला वाटत नाही. मात्र संध्याकाळी कांगारू रस्त्यावर यायच्या वेळेला मी बंद करतो. समृद्धीवर नीलगाईंचा काही त्रास आहे का?

पॉलिसी_काका, ठाणे
कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 बघतं ते मुख्यतः आरसी बुकातल्या तपशिलाशी विसंगत बदल. क्रूझची नोंद आरसीत नसते. तरी विमा कंपनीला लेखी कळवा, बिल जोडा. बाहेरून बसवलेल्या इलेक्ट्रिक वस्तूंसाठी जादा प्रीमियमची सोय आहे. न कळवता लावलंत तर क्लेमच्या वेळी सर्व्हेअरच्या हाती आयतं कोलीत.

वऱ्हाडी_डिझेल, नागपूर
भिंतीची परीक्षा घेतली. बोटाने काहीच नाही, पेडल बरंच आत गेल्यावर लाल उजेड. म्हणजे इतके दिवस मागच्याला मी उशिरा दिसत होतो! स्विच उद्याच बदलतो. वायरमनदादा, क्लचचं काय? किटवाला म्हणतो क्लचची वायर नाही जोडली तरी चालतं.

जुना_वायरमन, छत्रपती संभाजीनगर
चालतं म्हणणाऱ्याकडून बसवू नका. क्रूझ चालू असताना क्लच दाबला की इंजिनवरचा भार जातो, वेग पडायला लागतो आणि किट वेग धरायला रेस वाढवतं. इंजिन बोंबलतं. आरपीएम बघून सुटणारी किटं आहेत, पण क्लचला वेगळा स्विच घ्याच.

घाटमाथा, सातारा
वेगळा फ्यूज, मेन स्विच, ब्रेक स्विच, क्लच स्विच, विम्याचं पत्र. एवढा खटाटोप करण्यापेक्षा भाऊ, जालन्याला थांबून चहा प्या. माझं मत नाहीच.