‘ट्रायगन’ पुढे बघावी का? नऊ भागांत आमचा गट फुटलाय

परळची_लोकल
नमस्कार मंडळी. आम्ही सहा मित्र दर रविवारी एकाच्या घरी जमतो आणि एखादी जुनी ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिका लावतो. संपली की प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे. सध्या १९९८ ची ‘ट्रायगन’ चालू आहे. २६ पैकी ९ भाग झालेत आणि भांडण पेटलंय. तिघं म्हणतात, वेस्टर्न (काउबॉयपट) म्हणून ही नापास. वाळवंट आहे, सलून आहे, डोक्यावर इनाम असलेला माणूस आहे, पण तो माणूस, म्हणजे नायक वॅश, गोळी झाडायची सोडून डोनट खातो आणि रडत-ओरडत पळतो. मला मालिका आवडतेय, पण का आवडतेय ते त्यांच्यापुढे मांडता येत नाही. हिला नेमकं कशावर तोलायचं? आणि हीच पूर्ण करू की २०२३ ची नवीन लावू? शेवट प्लीज फोडू नका.

दोन_सूर्य
आधी एक मापदंड घे. ‘काउबॉय बिबॉप’ ही ॲनिमेही एप्रिल १९९८ मधलीच, दोन्ही टीव्ही टोकियोवर दोन दिवसांच्या अंतराने सुरू झाल्या, दोन्ही २६ भागांच्या. बिबॉपमध्ये चित्रं, संगीत, कॅमेरा सगळं पहिल्या भागापासून घोटलेलं. त्या मानाने ट्रायगनचं ॲनिमेशन गरीब आहे, चित्र जागच्या जागी थांबतं ते डोळ्यांत येतं. पण संगीतकार त्सुनेओ इमाहोरीची गिटार ऐक. शीर्षकाला गाणंच नाही, नुसती गिटार खरवडलीय, आणि ती त्या वाळूला शोभते. माझ्याकडून साडेसहा.

मुलुंडची_सर्व्हेअर
मी वाहन विम्याची सर्व्हेअर आहे, १९९९ पासून. मुलाने बळेच बसवलं म्हणून ही मालिका पाहिली, मग माझी मी परत पाहिली. मी कशावर तोलते ते सांगते, तुला मित्रांपुढे मांडायला उपयोगी पडेल.

पहिल्याच भागात मेरिल आणि मिली येतात. एक छोट्या चणीची, कडक. दुसरी उंच, मनमोकळी, पहिलीला ‘सेन्पाय’ (कामातली वरिष्ठ) म्हणणारी. दोघी बर्नार्डेली विमा कंपनीच्या. वॅश जिथे जातो तिथे इमारती पडतात आणि कंपनीकडे क्लेम येतात, म्हणून त्याला गाठायचं, चोवीस तास नजर ठेवायची आणि नुकसान होऊ द्यायचं नाही, ही त्यांची नोकरी. माझ्या धंद्यातल्या बायका गोष्टीत इतक्या मध्यभागी मी पहिल्यांदा पाहिल्या. एरवी वेस्टर्नमध्ये भर रस्त्यात गोळीबार होतो, सलूनच्या काचा फुटतात, कुणाचं तरी दुकान जळतं, आणि नायक घोड्यावर बसून निघून जातो. त्या दुकानदाराचं पुढे काय झालं? कुणी विचारत नाही. इथे तो प्रश्न विचारायला दोन बायका पगारावर नेमल्यात. मला वाटतं, या मालिकेचं खरं मोल तिथे आहे.

वॅशच्या डोक्यावर साठ अब्ज डबल डॉलरचं इनाम आहे, म्हणजे आपले सहा हजार कोटी, आणि लोक त्याला मानवी वादळ म्हणतात. का, तर जुलै नावाचं अख्खं शहर त्याच्यामुळे नाहीसं झालं. हे नाव ऐकलं तेव्हा मी मुलाला टीव्ही थांबवायला लावला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी कलिना-कुर्ल्यात घुसली. त्यानंतर दीड महिना मी बुडालेल्या गाड्याच पाहत होते. गाडी वरून धुवून पुसून ठेवलेली असते. आम्ही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढायचो. आत गुंडाळलेला भाग कुणी धूत नाही, त्यावर चिखलाची रेघ असते, आणि पाणी कुठवर चढलं ते तीच सांगते. मग डिपस्टिक, इंजिनातलं ऑइल तपासायची सळई. ऑइल दुधाच्या कॉफीसारखं झालं असेल तर इंजिनात पाणी गेलंय.

कलिन्याला एक टॅक्सीवाले काका होते. पाणी ओसरल्यावर त्यांनी घाबरून एकदा चावी फिरवली होती. इंजिन जाम. पुराने झालेलं नुकसान पॉलिसीत बसतं, पण इंजिनात पाणी असताना ते चालू केल्याने झालेलं पुढचं नुकसान बसत नाही. मी रिपोर्टमध्ये ते तसंच लिहिलं, कारण खरं तेच होतं, आणि कंपनीने इंजिनाचे पैसे कापले. काकांनी माझ्यासमोर तो सीटबेल्ट हळूच परत आत जाऊ दिला. ती चिखलाची रेघ आत जाताना मला अजून दिसते. नुकसान आभाळातून आलं तरी भरावं माणसालाच लागतं.

आता वॅशकडे बघ. ज्याला सगळे आपत्ती समजतात तो एकटाच माणूस गोष्टीतल्या त्या ग्रहावर प्रत्येक जिवाचा हिशेब ठेवतो. तुझे मित्र म्हणतात तो पळतो. त्यांना सांग, पुढच्या वेळी तो पळेल तेव्हा त्याच्याकडे बघू नका, त्याच्या मागे कोण उभं होतं ते बघा. तो धडपडतो तेव्हा बहुतेक वेळा गोळी दुसऱ्या कुणाला तरी लागणार असते. पाचवा भाग तुम्ही पाहिलाय. अख्खं गाव इनामासाठी त्याच्या जिवावर उठतं, कारण गावाला वीज-पाणी देणारा प्लांट मरायला टेकलाय. गावातल्या एकालाही त्याने मारलं नाही, आणि खरा दरोडेखोर आला तेव्हा त्याच गावासाठी पिस्तूल काढलं. तिसऱ्या भागातला कुटुंब गमावून दारूत बुडालेला बंदूक-कारागीरही आठव. हे भाग विनोदी वाटतात, पण दर भागात कुणाचं तरी न भरून येणारं काहीतरी गेलेलं असतं.

आणि न मारण्याची किंमत तो स्वतः देतो. त्याचा लाल कोट उतरतो तेव्हा अंगावरचे व्रण दिसतात. माझ्यासाठी ते व्रण म्हणजे त्या मालिकेचा सर्व्हे रिपोर्ट आहे.

आता गुण कुठे कापते ते. उत्तरार्धात मेरिल-मिलीचं काम मागे पडतं आणि त्या नुसत्या सोबत चालणाऱ्या होतात. मिली घरी लांबलचक पत्रं लिहिते, ती मला फार आवडतात, पण मेरिलच्या रिपोर्टचं वजन पुढे राहत नाही. वॅशच्या लहानपणाची गोष्ट सांगायला फार उशीर लावलाय, मग शेवटचे भाग घाईत जातात. माझे आठ.

डबिंगनको_सबटायटल
घाईचं कारण आहे, ताई. यासुहिरो नाइटोव यांची मूळ मांगा (जपानी चित्रकथा) १९९५ ला सुरू झाली, पण ते मासिकच बंद पडलं. पुढचा भाग ‘ट्रायगन मॅक्सिमम’ नावाने दुसऱ्या मासिकात आला आणि थेट २००७ पर्यंत चालला. मॅडहाउस स्टुडिओने मालिका केली तेव्हा मूळ कथा अर्ध्यावरही नव्हती, म्हणून शेवट त्यांना स्वतः रचावा लागला.

@परळची_लोकल, नवीन ‘स्टॅम्पीड’ १२ भागांची आहे, ऑरेंज स्टुडिओची, पूर्ण कॉम्प्युटर ॲनिमेशन. ॲक्शनमध्ये जुनी तिच्या जवळपासही नाही. वॅशचा जुळा भाऊ नाइव्ह्ज सुरुवातीपासून समोर आहे, त्यामुळे कथा ताणलेली राहते. तुझ्या त्या तीन मित्रांना हीच आवडेल.

मुलुंडची_सर्व्हेअर
कारण माहीत नव्हतं. मग शेवटासाठी कापलेला अर्धा गुण परत देते, साडेआठ.

स्टॅम्पीडही पाहिली. दिसायला देखणी आहे, वाद नाही. पण तिथे मेरिलला पत्रकार केलंय आणि मिली अगदी शेवटी डोकावते. पत्रकार घटना सांगून पुढच्या बातमीकडे जातो. आमच्या कामात मोडलेल्या वस्तूपाशी थांबावं लागतं, तिचा मालक समोर उभा असताना. ते थांबणं नव्या मालिकेत मला सापडलं नाही. म्हणून आधी जुनी पूर्ण करा.

परळची_लोकल
ताई, काल तुमचं म्हणणं गटात वाचून दाखवलं. दहावा ते तेरावा पाहिला. ‘पळतो म्हणून नापास’ म्हणणारा मित्र प्रत्येक वेळी रिमोट दाबून मागे कोण आहे ते बघत होता, त्यामुळे चार भागांना अडीच तास लागले. तो अजून पाच गुणांवरच अडलाय, पण आता म्हणतो शेवटपर्यंत बघूनच गुण देईन. पुढच्या रविवारी चौदापासून.

मुलुंडची_सर्व्हेअर
छान. एकच कर, रविवार असे मोज की तेविसावा आणि चोविसावा भाग एकाच बैठकीत येतील. आणि त्या दोन्हींच्या मध्ये चहाला उठू नका.