उर्नेसचं लाकडी चर्च: जोत्याची करामत

नॉर्वेतल्या उर्नेस इथल्या या जुन्या चर्चचं लाकूड थंडीमुळे टिकलं, असं म्हणतात. पण नुसत्या थंडीने भागलं नसतं. आधीच्या चर्चचे खांब थेट जमिनीत पुरलेले असत, ते बुडापासून कुजत गेले. उर्नेसला, ११३० च्या सुमारास, सुतारांनी दगडी जोत्यावर आडव्या तुळया टाकल्या आणि त्यांवर खांब उभे केले. जमिनीची ओल खांबांपर्यंत पोचलीच नाही.

उत्तरेची भिंत मात्र जरूर बघा. ११व्या शतकातल्या जुन्या चर्चचं कोरीव दार तिथे पुन्हा बसवलंय. चार पायांचा सडपातळ प्राणी वेलीसारख्या सापाला चावतोय, आणि साप उलटून त्यालाच! जुन्या इमारतीतलं हे काम कुणीतरी जपून नव्या भिंतीत लावलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.