आधी मालकाला सांगा

घरमालकाला न सांगता बॉल पायथन (पाळतात तो छोटा अजगर) आणला तर चालेल का, असं विचारलंय. नका आणू. मी भाड्याच्या वन बीएचकेत गुपचूप इग्वाना (मोठा हिरवा सरडा) ठेवला होता. प्लंबरसोबत मालकीणबाई आल्या, हीट लॅम्पखाली ताणून दिलेलं ते हिरवं ध्यान बघितलं आणि "अगंबाई, एवढी मोठी पाल!" म्हणत थेट जिन्यात. महिन्याची नोटीस. (पाल नाही हो ती, पण कुणाला सांगणार!) पुढच्या घरी आधीच सांगून भाडेकरारात तशी ओळ घालून घेतली.

आणि कागदपत्रं? दोन्ही प्राणी साइटिस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट 2 मधले, त्यामुळे 2024 च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. स्टार कासव मात्र कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. वन्यजीव कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहे, सरळ गुन्हा.