घास पोटात गेल्यावर लाळेचं काम थांबतं का?

सातवीची आई: मुलीच्या पुस्तकात लिहिलंय, पचन तोंडातच सुरू होतं. तिचं म्हणणं, घास तोंडात असतो जेमतेम अर्धा मिनिट, मग थेट पोटातल्या आम्लात. एवढ्यात लाळ काय पचवणार? मला उत्तर देता आलं नाही.

निवृत्त विज्ञान शिक्षक: ताई, लेकीला शाबासकी द्या. तोंडात स्टार्च (भात-पोळीतला पिष्टमय भाग) खरंच फार थोडा पचतो, ५ टक्क्यांच्या आतच. पण गिळलेला घास लगेच आम्लात कालवला जात नाही. जठराच्या वरच्या भागात तो कधी कधी तासभर पडून असतो आणि आत मुरलेल्या लाळेतलं अमायलेज हे पाचक विकर स्टार्चचं माल्टोज, म्हणजे एक साखर, करत राहतं. आम्ल आतपर्यंत झिरपलं की अमायलेज निकामी होतं. तोवर ३०-४० टक्के स्टार्च फुटलेला असू शकतो. नीट चावून खा म्हणतात ते यासाठीही.

घरी करून दाखवाच. भाताची पेज भरपूर पाण्यानं पातळ करून तीन वाट्यांत घ्या. एक तशीच ठेवा, दुसरीत चमचाभर लाळ, तिसरीत आधी दोन चमचे व्हिनेगर, मग लाळ. वाट्या वीसेक मिनिटं कोमट पाण्यात ठेवा. गार झाल्या की प्रत्येकीत आयोडीनचे दोन थेंब; स्टार्च शिल्लक असेल तर ते निळंकाळं होतं. पहिली आणि तिसरी निळीकाळी होतील, दुसरीत तो रंग येणार नाही किंवा फिकट येईल. व्हिनेगरऐवजी लिंबू मात्र नको, त्यातलं क जीवनसत्त्व आयोडीनचा रंगच घालवतं.

नर्सिंगचा विद्यार्थी: सर, जठर स्वतः काय पचवतं तेही सांगा ना.

निवृत्त विज्ञान शिक्षक: मुख्यतः प्रथिनं. जठराच्या पेशी पेप्सिनोजेन सोडतात, आम्लामुळे त्याचं पेप्सिन होतं आणि ते प्रथिनांचे तुकडे करतं. हे कळायला एका माणसाला फार सोसावं लागलं. १८२२ मध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॉ बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिनला बंदुकीचा छर्रा लागला. तो वाचला, पण जठरात उघडणारं भोक कायम राहिलं. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँटनं मांसाचे तुकडे रेशमी दोऱ्याला बांधून त्यातून आत सोडले, पुन्हा ओढून पाहिले. जठररस बाटलीत काढून ऊब दिली, तर तिथंही मांस विरघळलं. सेंट मार्टिनची यात वर्षानुवर्षं ओढाताण झाली, मुलांना तेही सांगायला हवं.

सातवीची आई: सर, खूप आभार. घरात जखमेला लावायचं पोविडोन आयोडीन आहे, चालेल?

निवृत्त विज्ञान शिक्षक: चालेल. पेज नंतर लगेच मोरीत ओता, वाट्या घासून घ्या.