मदत हवी आहे: सिंधुदुर्गात मिथाईलफेनिडेट कुठे मिळतं?

नवऱ्याची बदली झाली म्हणून यंदा आम्ही पुण्याहून मालवणला आलो. मुलगा १० वर्षांचा, पाचवीत. एडीएचडीचं (लक्ष एका जागी टिकत नाही, चंचलपणा फार) निदान पुण्यातच झालंय. त्यावरची मिथाईलफेनिडेटची गोळी चालू आहे आणि तिचा उपयोग होतोय, त्यामुळे ‘गोळ्या कशाला, मोबाईल काढून घ्या’ हा सल्ला प्लीज नको, तो घरात रोज मिळतो. सासूबाईंनी देवळात गाऱ्हाणंही घातलंय. माझी त्याला काही हरकत नाही, सकाळची गोळी आठवणीने देतात त्याही त्याच!

अडचण आहे ती गोळी मिळण्याची. मालवणपासून कुडाळपर्यंत विचारून झालं. एका मेडिकलवाल्या काकांनी चिठ्ठी उलटसुलट करून बघितली आणि परत माझ्या हातात दिली, “वयनी, ह्यां आमच्याकडे गावाचां नाय. एक्सचां लायसन लागतां.” (म्हणजे आमच्याकडे मिळणार नाही.) दुसऱ्या दुकानात तर चिठ्ठीपेक्षा मलाच जास्त निरखून बघत होते, जणू मी नशेचं काही मागायला आलेय.

नियम माहीत आहेत आणि ते का आहेत हेही कळतं. औषध शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे सगळ्यात कडक नियमांच्या यादीत, वर एनडीपीएस हा अमली पदार्थांचा कायदा. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दुकानदाराने दोन वर्षं जपून ठेवायची. व्हिडिओ कॉलवर हे लिहून देता येत नाही, २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांत तशी मनाईच आहे. म्हणजे डॉक्टर पुण्यात, दुकान पुण्यात आणि पोरगं मालवणात. तिथला केमिस्ट कुरियर करत नाही. सध्या पुण्याला खेप झाली की घेऊन येतो, पण पावसात घाटात दरड आली की तेही राहिलं.

गोळी नसली की गणिताच्या वहीत उदाहरण उतरवतो, पहिली पायरी लिहितो आणि मग समासात होडी काढायला घेतो. शीड, वल्ही, नांगर सगळं व्यवस्थित, उत्तराचा पत्ता नाही. गोळी असली की पान पूर्ण होतं. दुपारी मात्र भूक मरते, बांगड्याचं तिखलं समोर असलं तरी ताट सरकवतो. रात्री भरून काढतो.

ॲटोमॉक्सेटीन आधी देऊन झालंय. ते शेड्यूल एक्समध्ये नाही, मागवलं तर इथेही मिळेल. पण त्याला मळमळ फार व्हायची आणि फरक विशेष पडला नाही, म्हणून डॉक्टरांनीच बदललं.

तर विचारायचंय ते असं. कुडाळ, कणकवली, सावंतवाडी किंवा रत्नागिरीत कुणाला हे मिळतं का? दुकानाचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलंत तरी चालेल. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात लहान मुलांना बघतात का, आणि औषध तिथेच मिळतं का? बांबोळीला, गोव्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात, इथून अर्धा जिल्हा जातोच. तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी कोल्हापुरात किंवा इथे घेतात का? कायदा केंद्राचा आहे, पण काउंटरवर काय अनुभव?

आणि ‘आमच्याकडे शिल्लक आहेत, देते’ असं कृपया कुणी म्हणू नका. मनापासून म्हणाल, पण ते नको.

प्रतिसाद

मेडिकल चालवतो, सिंधुदुर्गात नाही, त्यामुळे नाव सांगू शकत नाही. दुकानदाराची बाजू अशी, की शेड्यूल एक्सला फॉर्म २०-एफचा वेगळा परवाना, कुलपाचं कपाट, वेगळी नोंदवही. महिन्याला एक गिऱ्हाईक असेल तर एवढं कोण करणार?

तुम्ही दुकानं फिरत बसू नका. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात जाऊन २०-एफ कुणाकुणाकडे आहे ते विचारा. आणि ऑपरेशन थिएटर असलेल्या मोठ्या हॉस्पिटलच्या आतल्या मेडिकलमध्ये आधी बघा. भुलीचं केटामीनही शेड्यूल एक्समध्येच येतं, त्यामुळे त्यांच्याकडे परवाना असण्याची शक्यता जास्त. गोळी ठेवत नसतील, पण दरमहा लागणार अशी डॉक्टरांची चिठ्ठी दाखवलीत तर मागवतीलही.

धागाकर्ती

केटामीनचं डोक्यातही आलं नव्हतं. सोमवारी ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, जाते. बांबोळीचा अनुभव असलेलं कुणी आहे का अजून?