उसाच्या फडावरून मतदानाला आणणारी उमेदवाराची जीप: सोय की लाच?

धारूरचा
२०२४च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला, साखर कारखान्यांना ऊस गाळपाची परवानगी १५ नोव्हेंबरपासून. अशा वेळी सांगली-कोल्हापूर, बेळगावच्या फडांवरून ऊसतोडीला गेलेली आपल्याकडची माणसं मतदानाला आणायला जीपा सुटतात. डिझेल उमेदवाराचं, जेवण त्याचंच, बुडालेल्या रोजाचे पैसेही त्याचेच. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(५) प्रमाणे उमेदवारानं भाड्याच्या गाडीतून मतदारांची फुकट ने-आण करणं हा भ्रष्टाचार आहे. पण पाकीट वाटणाऱ्याला आपण शिव्या देतो आणि जीप पाठवणाऱ्याचे आभार मानतो. मला दोन्ही सारखेच. गाडीत उमेदवाराचा माणूस बसतो तो काय गप्पा मारायला?

कोयता_वडवणी
साहेब, गाडी नाही आली तर मत द्यायला येऊ कसा, ते आधी सांगा. अंगावर उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे; खाडा पडला की टोळी नेणारा मुकादम कापून घेणार. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, दोघं निघालो की कामच बंद. बटन मीच दाबतो. बसायचं एकाच्या गाडीत, मत दुसऱ्याला. कामून नाही द्यायचं?

लातूरची बाई
दादा, तुम्ही बटन कुठलं दाबलं हा मुद्दाच नाही. जीप कोणत्या टोळीकडं जाते ते बघा. जिथं मतं पक्की, तिथंच. दुसऱ्या टोळीला फडावरच अडकवून ठेवायला मुकादमाला सांगितलं की झालं, एकही मत विकत न घेता निकाल फिरतो. त्याच कायद्याचं कलम १३५-ब मतदानाची भरपगारी सुट्टी रोजंदारीवाल्यालाही देतं. पण इथं हिशोब तोडलेल्या उसाच्या टनावर, मधे मुकादम. सुट्टी मागायची कुणाला?

धारूरचा
म्हणूनच मत जिथं माणूस तिथं हवं. निवडणूक आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये दूरस्थ मतदान यंत्राचा नमुना जाहीर केला, एका केंद्रावरून ७२ मतदारसंघांचं मतदान घेऊ शकणारा. जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना बोलावलं, विरोधकांनी शंका काढल्या, गाडी तिथंच अडली.

गंगाखेडकर
बरं झालं अडली! कारखाना कुणाचा? चेअरमन कोण? त्याच्या आवारात मशीन ठेवून मोकळं मतदान होईल असं वाटत असेल तर तुम्ही फार भोळे. इकडच्या अपक्षाला कोल्हापूरला, बेळगावला पोलिंग एजंट बसवणं परवडंल का? गावच्या केंद्रावर निदान आपला माणूस असतो, संध्याकाळी झालेल्या मतांच्या हिशोबाचा नमुना १७-क हातात घेऊन उठतो. त्यापेक्षा आयोगानं एसटी सोडाव्यात. (एसटी वेळेवर आली तर!)

कोयता_वडवणी
एसटी चालंल. खाडा कोण भरणार तेवढं लिहा. नाहीतर मतदानच हंगामाआधी घ्या. २०१९ बघा, मतदान २१ ऑक्टोबरला होतं. आम्ही गावातच होतो, कुणाची जीप लागली नाही.

लातूरची बाई
हे मात्र खरं. आणि २०२४ला विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबरला संपत होती, म्हणजे ऑक्टोबरात मतदान घेता आलं असतं. आयोग तारीख ठरवताना सण बघतो, परीक्षा बघतो. गाळप हंगामही बघा, अशी मागणी बीडच्या एकातरी उमेदवारानं केली का?

गंगाखेडकर
करंल कशाला? जीपवाल्यालाच तर ते सोयीचं.