टूरिंगच्या गाडीला किक हवी की नको?

घाटवाट

स्प्लेंडरला सेल्फबरोबर किक मिळते. गावातल्या गावात फिरणाऱ्या, दहा पावलांवर मेस्त्री मिळणाऱ्या गाडीला. आणि लेहला जायचं म्हणून जी गाडी घ्यायची, तिला किक नाही. रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ मध्ये आली तीच किकशिवाय. त्याच कंपनीचं नवं ३४९ सीसी इंजिन आलं तेव्हा क्लासिकची किक २०२१ मध्ये गेली आणि २०२३ मध्ये बुलेटचीही.

मी किक जुन्या आठवणींपोटी मागत नाही. मनाली-लेह रस्त्यावरचं सारचू चौदा हजार फुटांवर आहे. सप्टेंबरात तिथं रात्री पारा शून्याखाली जातो. थंडीत बॅटरीची ताकद घटते, इंजिनातलं ऑइल घट्ट होतं, म्हणजे सेल्फला जास्त जोर लागतो नेमका तेव्हाच बॅटरी कमी देते. त्याच रस्त्यावर टांडीच्या पेट्रोल पंपावर पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर असल्याची पाटी वर्षानुवर्षं होती. अशा रस्त्यावर गाडी सुरू करायचा एकच मार्ग ठेवणं मला बेजबाबदार वाटतं.

होंडानं १९७५ च्या गोल्डविंगला, म्हणजे ९९९ सीसीच्या चार सिलिंडरच्या गाडीला, सेल्फ दिला होताच. तरी किकचा सुटा दांडा खोट्या टाकीच्या आत ठेवून दिला (खरी टाकी सीटखाली होती). रोज वापरायला नव्हे, अडचणीला. मला एवढंच हवं आहे.

पाना_पक्कड

तुमची काळजी रास्त आहे, उपाय चुकीचा आहे. आता कार्ब्युरेटर नाही. टाकीतलं पेट्रोल इंजिनाकडे ढकलणारा पंप, ते फवारणारा इंजेक्टर, हे सगळं चालवणारा छोटा कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू, सगळं विजेवर चालतं. क्लासिक ५०० ला इंजेक्शन होतं आणि किकही होती. बॅटरी पूर्ण बसली की त्या किकचा काही उपयोग नसायचा. पाय दुखेपर्यंत मारा, पंपच फिरत नाही तर पेट्रोल येणार कुठून?

आणि जुन्याबद्दल एक गैरसमज आहे तो काढून टाका. पॉइंटवाल्या, म्हणजे यांत्रिक स्विचनं ठिणगी पाडणाऱ्या बुलेटचं इग्निशनसुद्धा बॅटरी-कॉइलवरच होतं. बॅटरी मेली की ती बुलेटही किकनं सहज उठायची नाही. बॅटरी काढून ठेवली तरी किकवर उठायची ती आरएक्स १०० सारखी, ठिणगीची वीज स्वतःच बनवणारी मॅग्नेटोवाली गाडी. लोक दोन्हींच्या आठवणी एकत्र करतात आणि सगळं श्रेय किकला देतात.

घाटवाट

पूर्ण मेलेली बॅटरी मीही धरत नाहीये. रस्त्यावर बहुतेक वेळा काय होतं? बटण दाबलं की रिले (सेल्फला करंट सोडणारा स्विच) कटकट करतो, मीटरचे दिवे मंद होतात, पण लागलेले असतात. म्हणजे पंपापुरता आणि ईसीयूपुरता करंट आहे, सेल्फ फिरवण्याइतका नाही. सेल्फला त्यांच्या कितीतरी पट करंट लागतो. या मधल्या अवस्थेत किक गाडी वाचवते.

शिवाय इंजेक्शन असलं की बॅटरी हवीच, असंही नाही. सुझुकीची २००८ ची आरएम-झेड ४५० आणि होंडाची २००९ ची सीआरएफ ४५० आर, दोन्हींना इंजेक्शन आणि दोन्हींना बॅटरीच नाही. किक मारली की आल्टरनेटरमधून, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जनित्रातून, येणाऱ्या विजेवर पंप आणि ठिणगी दोन्ही चालतात.

पाना_पक्कड

त्या मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीच्या गाड्या आहेत. त्यांना ना हेडलाइट, ना एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा). आपल्याकडे २०१७ पासून हेडलाइट कायम चालू आणि २०१९ पासून १२५ सीसीच्या वर एबीएस सक्तीचं. हा सगळा भार सांभाळून किकच्या एका फेऱ्यात इंजेक्शन जागं करायचं तर वायरिंग वेगळ्या पद्धतीनं करावं लागेल. जमणार नाही असं म्हणत नाही. पण नुसता किकचा दांडा लावून ते होत नाही.

पाच_फूट_राइड

तुम्ही दोघं वायरिंगवर बोलताय, मी पायावर बोलते. माझी उंची पाच फूट, उजव्या गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन झालेलं. सामान बांधलेली गाडी दोनशे किलोच्या वर जाते. मला ती उतारावर तोल सांभाळून किक मारायला सांगाल? तेही सारचूच्या हवेत, जिथं बॅग उचलली तरी धाप लागते?

वडिलांच्या जुन्या बुलेटची किक ठिणगीचं टायमिंग बिघडलं की उलटी यायची. घोट्याला लागलं की आठवडा जायचा. घाटात गाडी बंद पडली, मागे ट्रक उभा, की घाईघाईत मारलेली किक हमखास चुकायची. बटणामुळे माझ्यासारख्या कितीतरी जणी लांबच्या प्रवासाला निघाल्या. अडचणीतली सोय म्हणता ना? मग ती दणकट पायाच्या माणसापुरती असून चालणार नाही.

कोल्हापुरी_सिंगल

ताई, गुडघ्याचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य, त्यावर वाद नाही. पण किक म्हणजे ताकद, हे मात्र पटत नाही. जुन्या बुलेटवर डीकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारी लिव्हर) दाबायचा, अँपिअर मीटरचा काटा मध्ये येईपर्यंत पिस्टन हळू पुढे न्यायचा, लिव्हर सोडायची आणि एकच पूर्ण किक. पायाच्या जोरानं नाही, अंगाच्या वजनानं. आमच्याकडे पन्नास-पंचावन्न किलोची पोरं ही गाडी सहज उठवतात. घाई केली, अर्धी किक मारली, तरच ती उलटी येते.

यामाहानं आपल्या एसआर गाडीच्या सिलिंडर हेडवर पिस्टनची जागा कळायला छोटी खिडकीच दिली होती. एसआर ४०० १९७८ ला आली आणि २०२१ पर्यंत जपानात फक्त किकवर विकली, इंजेक्शन आल्यानंतरही. १९७९ ची पहिली पॅरिस-डाकार रॅली जिंकणारी यामाहाची एक्सटी ५०० किकचीच.

पाच_फूट_राइड

आणि त्याच यामाहानं वाळवंटासाठी बनवलेल्या एक्सटी ६०० टेनेरेला १९८६ ला बटण दिलं. दमलेला माणूस वाळूत पडलेली गाडी उभी करून पुन्हा सुरू करतो तेव्हा काय होतं, ते त्यांनी तिथं पाहिलंच असणार.

घाटवाट

बटण काढा असं मी कुठेच म्हटलेलं नाही. तुमच्यासाठी बटण, माझ्यासाठी बटण आणि किक. गिअरबॉक्समधे एक शाफ्ट, एक गिअर, एक स्प्रिंग. ज्याला नको त्यानं दांडा घरी ठेवावा.

पाना_पक्कड

शाफ्ट आणि गिअरला केसमध्ये जागा लागते, ऑइल सील वाढतो, दांडा फिरायला फूटरेस्ट आणि क्रॅशगार्ड सरकवावे लागतात. दोन लाखांच्या गाडीत ही जागा देण्यापेक्षा कंपन्यांकडे मी दुसरं मागेन. एक, मीटरवर व्होल्टेजचा आकडा. सेल्फ दगा देण्याआधी बॅटरी दिवसेंदिवस उतरताना दिसते, पण बघायला काही नसतं. दुसरं, जंप स्टार्टसाठी, म्हणजे दुसऱ्या बॅटरीच्या जोरावर गाडी सुरू करण्यासाठी, बाहेर काढलेली दोन टर्मिनलं. आज कित्येक गाड्यांत बॅटरीपर्यंत पोचायला सीट, साइड पॅनल, त्यावर बांधलेलं सामान, सगळं उतरवावं लागतं. पावसात ताम्हिणीत हे करून बघा.

घाटवाट

दोन्ही मागण्यांना माझा पाठिंबा. किकची मागणी कायम. एकटा फिरणाऱ्याला जंप द्यायला दुसरी गाडी येईपर्यंत सारचूपुढच्या पांगच्या वाटेवर दुपार होते.

पाच_फूट_राइड

एकट्यानं जाणाऱ्यांसाठी: हातात मावणारा लिथियमचा बूस्टर पॅक घ्या. आधी घरी आपल्या बॅटरीवर लावून बघा, क्लिपा टर्मिनलपर्यंत पोचतात का ते तपासा. थंडीत तोही मंदावतो, म्हणून रात्री सामानात न ठेवता स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा.